नोंद क्रमांक सतरा

चप्पल डावी की उजवी, यात आमची सकाळ गेली.

कुमुदताई म्हणत होत्या, यादीत नुसतं ‘चप्पल, एक’ लिही आणि पुढे चल. मी म्हणत होतो, ताई, उद्या कुणी संशोधक आला आणि त्याने विचारलं तर आपण काय तोंड दाखवायचं? चप्पल जुनी, अंगठा तुटलेला, तळ इतका झिजलेला की दोन्ही पायांना सारखीच वाटावी. तिला सुतळीने एक पुठ्ठा बांधलेला आणि त्यावर त्र्यंबकभाऊंच्या अक्षरात लिहिलेलं : ‘८५ची प्रचारसभा, बाजारपेठ. नानांवर फेकलेली. लागली नाही.’ शेवटी मी ती पायात घालून चार पावलं चाललो. डावी होती. मी लिहिलं : ‘चप्पल, एक, डावी. उजवी फेकणाऱ्याकडे असावी.’ कुमुदताई हसल्या आणि त्यांनी ते खोडलं नाही. पुढे जे झालं त्याची सुरुवात मी तिथून धरतो.

कुमुदताई पाचपांडे म्हणजे आमच्या तरडोद्याच्या सार्वजनिक वाचनालयाच्या ग्रंथपाल. मी भूषण वारके, तेव्हा वय चोवीस, राज्यशास्त्रात एम.ए., आणि दुसरीकडे कुठेच काही न जमल्यामुळे वारसा जतन करण्याकडे वळलेला. त्र्यंबक अत्तरदे हे ‘दैनिक तापीतीर’चे राजकीय वार्ताहर. चाळीस वर्षं त्यांनी जिल्ह्याचं राजकारण लिहिलं. दर शनिवारी त्यांचं ‘खुर्चीखालून’ हे सदर यायचं आणि त्या दिवशी गावातले पुढारी दुपारपर्यंत घराबाहेर पडत नसत. ते वारल्यावर त्यांच्या पत्नीने सात पत्र्याच्या पेट्या आणि तीन गोण्या टेम्पोत घालून वाचनालयात पाठवल्या. अट एकच : काही रद्दीत जाऊ नये आणि कशात काय आहे त्याची यादी छापली जावी. पहिल्या स्मृतिदिनाला दालन उघडायचं ठरलं. यादी करायचं काम माझ्याकडे आलं.

पेट्यांत काय नव्हतं? दोनशे बारा लग्नपत्रिका होत्या. त्र्यंबकभाऊ पंगतीत बातम्या गोळा करायचे आणि पत्रिकेच्या मागेच लिहायचे. ‘नाना आणि बँकेचे चेअरमन एकाच रांगेत. मध्ये एक पाट रिकामा. जिलेबी दोघांनीही नाकारली.’ एवढ्यावरून त्यांनी युती तुटल्याची बातमी दिली होती आणि युती खरंच तुटली होती. एका जाडजूड फाइलवर ‘प्रेमपत्रे’ असं लिहिलेलं. आत अब्रुनुकसानीच्या नोटिसा. त्यातल्या एकोणीस एकट्या नानांच्या.

नाना म्हणजे नाना भिरूड. तीन वेळा आमदार. ‘खुर्चीखालून’मधली खुर्ची बहुतेक वेळा त्यांचीच असायची.

पाचव्या पेटीच्या तळाशी मांजरपाटात बांधलेलं एक पुडकं निघालं. आत एकेचाळीस पत्रं. एकावरही सही नाही. एकोणीस वर्षांत आलेली, आणि सगळी नानांच्या घराच्या आतून आल्यासारखी. कोण भेटायला आलं, कोणत्या कागदावर उद्या सही होणार, मेहुण्याने काय मागितलं. पहिलंच पत्र मी उघडलं ते अठ्ठ्याऐंशी सालचं होतं : ‘सरकारी दवाखान्याची जागा परवा नानांच्या मेहुण्याच्या शीतगृहाला जाणार आहे. आपण उद्या लिहिलेत तर थांबेल.’ त्र्यंबकभाऊंनी लिहिलं, ते थांबलं. दवाखाना तिथेच झाला. मी त्याच दवाखान्यात जन्मलो. नाहीतर तीन वर्षांनी शीतगृहात जन्मलो असतो, केळ्यांच्या शेजारी.

पण पत्रं लिहिणारा माणूस विचित्र होता. घरभेदी म्हणावा तर तो नानांची बाजू घ्यायचा. तेविसावं पत्र असं होतं : ‘गेल्या शनिवारी आपण ‘निर्लज्ज’ असा शब्द वापरलात. नाना निर्लज्ज नाहीत. त्यांना नातेवाइकांना नाही म्हणता येत नाही, एवढंच. कृपया दुरुस्ती करावी.’ आणि प्रत्येक पत्राच्या शेवटी, अगदी मेहुण्याच्या खोट्या सातबाऱ्याच्या पत्राखालीसुद्धा, तीच ओळ : ‘कळावे, लोभ असावा.’

निनावी पत्रात लोभ असावा म्हणणारा माणूस कोण, हे शोधल्याशिवाय मला जेवण जाईना. आणि तीन दिवसांनी तो सापडला, कारण तो रोज सकाळी दहा ते बारा माझ्यापासून पंधरा फुटांवर बसायचा.

वाचनालयात एक सूचना वही असते. ती सहसा कोरी राहते. आमची भरलेली होती, कारण पुंडलिक नेहेते, सगळ्यांचे आप्पा. वय शहात्तर, धुवट पांढरा सदरा, तीन नंबरच्या टेबलाजवळची खुर्ची. त्यांच्या डोक्यावरचा पंखा फिरताना कट्‌कट्‌ करायचा. आप्पा दर आठवड्याला वहीत लिहायचे : ‘पंखा क्र. ३ आवाज करतो. वाचकांचे लक्ष विचलित होते. दुरुस्ती व्हावी. कळावे, लोभ असावा.’ सात वर्षं. नवीन सभासद आला की त्याला दाखवायचे : ही वर्तमानपत्रं, हा माठ, हे नेहेतेआप्पा आणि हा त्यांचा पंखा. कुमुदताई पंखा दुरुस्त का करत नव्हत्या, असं मी एकदा विचारलं होतं. त्या म्हणाल्या, मग आप्पा वहीत काय लिहितील?

वही आणि पत्रं शेजारी ठेवली. तेच अक्षर, तीच जांभळी शाई, ओळ संपली की तेच छोटं टिंब. आणि आप्पा कोण? सव्वीस वर्षं नानांचे स्वीय सहायक.

मला इतका आनंद झाला की तो एकट्याने सहन होईना.

दुसऱ्या दिवशी बारा वाजता वाचनालय रिकामं झाल्यावर मी तेविसावं पत्र घेऊन आप्पांकडे गेलो. म्हणालो, आप्पा, हे अक्षर मला लागत नाही, जरा वाचून दाखवता का? गंमत म्हणून. त्यांचा चेहरा कसा होतो ते बघायचं होतं.

आप्पांनी चष्मा पुसला आणि वाचलं. त्यांचा वाचायचा आवाज सरावाचा होता. नानांची साखरेने नजर गेली होती; मुलं पुण्याला, पक्षाला आठवण नाही. आप्पा रोज दुपारी चार वाजता नानांच्या बंगल्यावर जायचे आणि त्यांना पेपर वाचून दाखवायचे. आधी निधनवार्ता, मग केळीचे भाव, मग राजकारण. पक्षाच्या एखाद्या कार्यक्रमात नानांचं नाव नसलं की ती बातमी वगळायचे. पण आप्पांना सफाईने वगळता यायचं नाही. वगळायच्या आधी ते खाकरायचे. नाना म्हणायचे, खाकरलास, आता काय गाळतोयस ते सांग. हे मला आप्पांनीच एकदा हसत सांगितलं होतं.

ते पत्र मात्र त्यांनी शेवटपर्यंत वाचलं, ‘लोभ असावा’पर्यंत. खाकरले नाहीत. घडी घालून माझ्या हातात दिलं आणि म्हणाले,

“केव्हा कळलं?”

मी म्हणालो, काल. पंख्यावरून.

ते हसले. मी विचारलं, का लिहायचात? तर म्हणाले, समोर बोललेलं नाना ऐकायचे नाहीत, छापून आलं की ऐकायचे. शनिवारी सकाळी ‘खुर्चीखालून’ मीच त्यांना वाचून दाखवायचो. ते म्हणायचे, पुंडलिक, या त्र्यंबकला आपल्या घरातलं कोण सांगतं ते शोधून काढ.

“मग?”

“एकोणीस वर्षं शोधत होतो.”

मी मोठ्याने हसलो. आप्पाही थोडे हसले. मग त्यांनी विचारलं की यादीत नाव लिहिणार का. मी म्हणालो, लेखकाचं नाव लिहायचा नियम आहे. त्यांनी वर पंख्याकडे पाहिलं.

“नाना आहेत तोवर नको,” ते म्हणाले. “माझं काही नाही रे. त्यांना कळलं तर ते मला काढून टाकतील. काढावंच लागेल, तसा स्वभाव आहे. आणि मग चार वाजता एकटे बसून राहतील. त्यांना वाचून दाखवायला दुसरं कोणी नाही.”

“नाव लिहिणार नाही, आप्पा,” मी म्हणालो. “शब्द.”

आणि मी नाव लिहिलं नाही. हे मी पुढे बऱ्याच जणांना सांगितलं आहे.

कुमुदताईंनाही मी नाव सांगितलं नाही. पुडकं त्यांना दाखवलं, त्यांनी वरचं एक पत्र अर्धं वाचलं आणि चेहरा न बदलता बांधून ठेवलं. सात वर्षं ती सूचना वही त्याच वाचत होत्या, हे माझ्या तेव्हा डोक्यात आलं नाही. सतराव्या नोंदीसाठी त्यांनी स्वतःच्या हाताने चिठ्ठी लिहून दिली : ‘निनावी पत्रे, एकूण एकेचाळीस. लेखक अज्ञात.’ एवढंच.

यादी बत्तीस नोंदींची झाली. चपलेवर कुमुदताई हसल्या होत्या म्हणून मी इतर नोंदींतही थोडी थोडी मजा पेरली होती. नोटिसांच्या फाइलपुढे लिहिलं, ‘एकतर्फी’. लग्नपत्रिकांपुढे लिहिलं, ‘बहुतेक विवाह टिकले, युत्या टिकल्या नाहीत’. ताईंनी काही ठेवलं, काही काढलं. प्रुफं तपासायला मी एकटाच प्रेसवर गेलो. तिथे बाकावर बसून यादी वरून खाली वाचली आणि मला सतरावी नोंद फार कोरडी वाटली. सगळ्या पंगतीला जिलेबी आणि एका ताटात नाही, असं काहीतरी. मी पेन काढलं आणि पुढे लिहिलं : ‘पंख्याच्या तक्रारीसाठी परिचित.’

का लिहिलं, याचा मी नऊ वर्षं विचार केला आहे. मला आप्पांचं वाईट करायचं नव्हतं. ओळ सुचली होती, आणि सुचलेली ओळ टाकून द्यायची मला सवय नव्हती. मला वाटलं, नाव तर कुठे आहे? कळणाऱ्याला कळेल, आणि कळणारा मी एकटाच.

प्रेसमधल्या मिलिंदने ती ओळ संगणकावर घातली आणि तो खुदकन हसला. मला वाटलं, विनोद जमला. मिलिंद वाचनालयाचा सभासद होता, हे मला घरी गेल्यावर आठवलं. तरीही मी काही केलं नाही. पाचशे प्रती होत्या.

दालनाचं उद्घाटन कोणाच्या हस्ते, यावर समितीत वाद झाला आणि त्यातून जे निघालं ते मला त्या वेळी अतिशय आवडलं होतं. फीत नानांनी कापायची. कुमुदताई विचारायला गेल्या तेव्हा नाना म्हणाले, त्र्यंबकने जन्मभर माझं वाटोळं केलं, आता निदान त्याची फीत तरी कापतो. चाळीसेक माणसं आली, खुर्च्या वाचनकक्षातच मांडल्या होत्या. नाना आप्पांचं कोपर धरून आले. ते नेहमी तसेच चालायचे, डावा हात आप्पांच्या उजव्या कोपरावर. दारात सगळ्यांना यादीची प्रत दिली. आप्पांनी ती न उघडता घडी करून खिशात घातली, कारण त्यांचे दोन्ही डोळे नानांच्या पायांकडे होते.

फीत कापली. नानांनी दोन मिनिटं भाषण केलं आणि त्र्यंबकभाऊंना चार शिव्या दिल्या, त्या प्रेमाच्या होत्या असं सगळ्यांनी ठरवलं. मग त्यांनी चप्पल मागितली. ती काचेच्या पेटीत ठेवली होती. कुमुदताईंनी काढून त्यांच्या हातात दिली. नानांनी एकदाच अंगठा फिरवला.

“डावी आहे,” ते म्हणाले. “येताना दिसली होती मला.”

लोक हसले. नाना खूश होते. खुर्चीवर बसले, चप्पल मांडीवर ठेवली आणि म्हणाले, पुंडलिक, यादी वाच, बघू त्या माणसाने माझं काय काय साठवून ठेवलंय.

आप्पांनी खिशातून प्रत काढली आणि उभ्याने वाचायला लागले. मी मागे कपाटाला टेकून होतो. पहिल्या रांगेतली काही माणसं आधीच एकमेकांना कोपराने ढोसत होती. त्यांनी यादी पुढपर्यंत वाचली होती. मला तेव्हा ते ढोसणं दिसलं. अजून वेळ होता. नोंद क्रमांक नऊ चालू होती. मी पुढे होऊन म्हणू शकलो असतो, चहा तयार आहे. लाइट घालवू शकलो असतो, मेन स्विच माझ्या खांद्यापाशी होता. मी उभा राहिलो.

चौदा. पंधरा. सोळा.

आप्पा खाकरले.

“खाकरलास,” नाना लगेच म्हणाले, आणि सभेकडे वळून त्यांनी सांगितलं की हा खाकरला म्हणजे काहीतरी गाळतो. “वाच. सगळं वाच.”

आप्पांनी वाचलं. आवाज तोच, केळीच्या भावाचा. “क्रमांक सतरा. निनावी पत्रे, एकूण एकेचाळीस. लेखक अज्ञात. पंख्याच्या तक्रारीसाठी परिचित.”

मागच्या बाजूला कुणीतरी फिस्‌कन हसलं आणि थांबलं. नानांनाही हसू आलं होतं. वाचनालयात ते वीस वर्षांत आले नव्हते, त्यांना पंखा माहीत नव्हता.

“पंख्याची तक्रार कोण करतं रे?” त्यांनी विचारलं.

डोक्यावर तीन नंबरचा पंखा चालूच होता, कट्‌कट्‌. नानांनी मान वर केली. त्यांना तो ऐकू आला असावा.

“मी करतो, नाना,” आप्पा म्हणाले.

नानांचा अंगठा चपलेच्या तुटक्या अंगठ्यावर फिरत होता तो फिरतच राहिला. मग ते म्हणाले,

“पुढे वाच.”

आप्पांनी अठरा ते बत्तीस वाचलं. एकही चूक केली नाही. लग्नपत्रिकांच्या ओळीला कुणी हसलं नाही. वाचून झाल्यावर त्यांनी सवयीने उजवं कोपर पुढे केलं. नाना उठले, हाताने चाचपून खुर्चीची पाठ धरली, मग कुमुदताईंचा हात धरला आणि गाडीपर्यंत गेले. आप्पा कोपर तसंच ठेवून उभे होते. नंतर त्यांनी ते खाली घेतलं.

दुसऱ्या दिवशी आप्पा बारा वाजता उठले नाहीत. चार वाजले, साडेचार झाले, ते तीन नंबरच्या टेबलाशी बसूनच होते. पाच वाजता गेले. मी जाऊन माफी मागितली नाही. मागायला गेलो होतो, पण जवळ पोचल्यावर म्हणालो, आप्पा, मी नाव लिहिलं नव्हतं. ते म्हणाले, हो, तू नाव लिहिलं नव्हतंस. त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

कुमुदताई माझ्याशी आठवडाभर बोलल्या नाहीत. एक दिवस सतराव्या नोंदीची ती चिठ्ठी त्यांनी माझ्या टेबलावर आणून ठेवली आणि त्या कामाला लागल्या.

आठव्या दिवशी नानांचा निरोप आला : ती पत्रं घेऊन ये, तू ये. कागद बाहेर न्यायला मनाई होती. कुमुदताईंनी न बोलता पुडकं दिलं. चार दुपारी मी नानांच्या बंगल्यावर जाऊन पत्रं वाचली, चार वाजता, आप्पांच्या वेताच्या खुर्चीवर बसून. नाना मधूनच म्हणत, वर्ष कोणतं? मी सांगे, आणि ते मान हलवत. दवाखान्याच्या पत्राला म्हणाले, बरं झालं थांबलं, मेहुण्याचं शीतगृह नाहीतरी दोन वर्षांत बुडालं असतं. तेविसावं पत्र त्यांनी मला तीनदा वाचायला लावलं. ‘नाना निर्लज्ज नाहीत.’ तिसऱ्यांदा वाचून झाल्यावर त्यांनी विचारलं, अक्षर कसं आहे?

मी म्हणालो, चांगलं आहे.

म्हणाले, त्याचं नेहमी चांगलंच होतं.

शेवटच्या दिवशी एकेचाळिसावं संपलं. मी पुडकं बांधत होतो.

“वारक्यांच्या पोरा, एक सांग,” नाना म्हणाले. “या पत्रांचं मला काही नाही. तेव्हा कळलं असतं तर हाकललं असतं त्याला. आता काय. पण चाळीस माणसांत, माझ्या तोंडावर? ही पंख्याची खूण यादीत त्यानेच घालायला सांगितली ना? जाता जाता आपलं नाव लागावं म्हणून?”

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. यादीतली ओळ गावाला माहीत आहे. त्याबद्दल मी शिव्या खाल्ल्या आणि त्या पचवल्या. ही गोष्ट खोलीत दोघांनाच माहीत होती आणि त्यातला एक आता नाही.

उत्तर माझ्या तोंडात तयार होतं. नाना, त्यांनी मला नको म्हणून सांगितलं होतं. तुम्ही चार वाजता एकटे बसून राहाल म्हणून सांगितलं होतं. एवढी दोन वाक्यं. मी ती म्हटली असती तर नानांनी घरकाम करणाऱ्या द्वारकाबाईंना हाक मारली असती आणि आप्पांना बोलावणं गेलं असतं, त्याच संध्याकाळी, मला खात्री आहे. पण त्याच्या पुढचा प्रश्न असता : मग ती ओळ कोणी लिहिली? आणि समोर मी होतो. तेव्हा कारण एवढंच होतं की एका आंधळ्या म्हाताऱ्याने माझ्यावर रागावू नये. नोकरीची वगैरे कारणं मी नंतर तयार केली.

“असेल, नाना,” मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, उद्यापासून पेपर घेऊन येत जा.

म्हणजे आप्पांचं काम मला लागलं. मी पाच महिने नानांना पेपर वाचून दाखवला. ते म्हणायचे, तू फार वाईट वाचतोस, सगळं एका दमात, जशी काही तुझी गाडी सुटतेय. खरं होतं. सुधारलो तो आप्पांमुळे. आप्पा सकाळी मला विचारायचे, काल काय वाचलंस? आणि मग सांगायचे : निधनवार्ता आधी घे, पण सावकाश, ओळखीचं नाव आलं की थांब. केळीचे भाव रावेर मार्केटचे सांग, जळगावचे त्यांना पटत नाहीत. बिस्किट मागतील, एक दे, दुसरं देऊ नकोस. पक्षाच्या बातमीत नाव नसलं तर ती बातमी वाचूच नकोस. मी म्हणालो, खाकरून? ते म्हणाले, नको, तुला ते जमेल. तू न खाकरता गाळतोस.

मी त्यांच्याकडे बघितलं. ते पेपरची घडी घालत होते. त्यांना काही माहीत असण्याचं कारण नव्हतं. पण मी ते वाक्य त्यानंतर अनेकदा उलटसुलट करून पाहिलं आहे.

एकदा, मार्गशीर्षात असेल, नाना बातमीच्या मध्येच म्हणाले, पुंडलिक बरा आहे का? मी म्हणालो, बरे आहेत. येतात वाचनालयात. ते म्हणाले, पंखा अजून वाजतो का? मी म्हणालो, वाजतो. ते काहीतरी बोलणार होते असं वाटलं. मी थांबलो नाही. रावेरचे भाव वाचायला लागलो.

पौषात नाना गेले. स्मशानात मोठी गर्दी होती. पक्षाने पुष्पचक्र पाठवलं, मुलं पुण्याहून आली, सगळ्या पुढाऱ्यांची भाषणं झाली. आप्पा इतरांसारखे रांगेत उभे होते, मधेच कुठेतरी, आणि आपली पाळी आल्यावर फुलं वाहून पुढे सरकले. कोणी त्यांना पुढे बोलावलं नाही. मी पुढच्या रांगेत होतो, कारण शेवटचे पाच महिने पेपर मी वाचत होतो आणि मुलांनी मला पुढे घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी शिडी आणली, पंखा उतरवला, स्वतः सायकलवर बांधून वायंडिंगवाल्याकडे नेला आणि बेअरिंग बदलून आणला. संध्याकाळपर्यंत लावला. बटण दाबलं. काहीही आवाज नाही. कुमुदताई वर बघत म्हणाल्या, सात वर्षं लागली.

आप्पा दहाव्यानंतर आले. तीन नंबरच्या टेबलाशी बसले, वर पाहिलं, पेपर वाचला. त्या उद्घाटनानंतर सूचना वहीत त्यांनी एकही अक्षर लिहिलं नव्हतं. त्या दिवशी बारा वाजता ते वहीपाशी थांबले आणि जांभळ्या शाईत काहीतरी लिहून गेले. ते फाटकाबाहेर जाईपर्यंत मी जागेवरून उठलो नाही. मग गेलो.

‘पंखा क्र. ३ दुरुस्त झाला. आता आवाज येत नाही. कळावे.’

ओळ तिथे संपली होती. शेवटी ते छोटं टिंब होतं. पान अर्धं कोरं होतं. मी ते उलटून मागेही पाहिलं.